कॉलरच्या आतलं नाव

तुमच्या अंगावरच्या कपड्याची कॉलर उलटून तुम्ही कधी आत पाहिलं आहे का? बहुतेक नसेल. माझ्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं एक नाव शिवलेलं आहे, आणि त्याच्याखालची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्या जागेबद्दल मला सांगायचं आहे.

मी एक पांढरा ॲप्रन. प्रयोगशाळेत मुलं घालतात तो, गुडघ्यापर्यंतचा, तीन खिशांचा.

माझा जन्म एरंडोलला कोकिळाबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. त्यांची लेक हेमांगी हिला जळगावजवळच्या एका खासगी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश मिळाला होता. बाजारात तयार ॲप्रन मिळतात, पण कोकिळाबाईंनी जाड कापड आणलं आणि शिलाईत दोन बोटं दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवला.

"आई, हा तर झगा झाला," हेमांगी कुरकुरली.

"होऊ दे. तुले तीन वरीस पुरी, असा शिवेल शे. जाडी व्हयनी तं उसवी लेजो."

मग त्यांनीच माझ्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं 'हेमांगी' असं नाव शिवलं.

हेमांगीबरोबर मी विद्यापीठ पाहिलं. काचेच्या मोठ्या इमारती, पिवळ्या बसगाड्या, आणि दर पंधरा दिवसांनी एक चाचणी. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून मुलं तापातसुद्धा वर्गात येऊन बसत. सगळ्यात जास्त भीती प्रेझेंटेशनची. पडद्यासमोर उभं राहून इंग्रजीत बोलायचं. मुलं आदल्या दिवशी जिन्यात, व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून पाठ करत. माझ्या खिशात तेव्हा घामानं ओले झालेले कागद असत.

हेमांगी पास झाली. सर्टिफिकेट घ्यायला ती जुलैत परत आली, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात एक नवी मुलगी उभी दिसली. ॲप्रन नाही म्हणून तिला आत घेतलं नव्हतं. हेमांगीनं राहिलेल्या सामानाच्या पिशवीतून मला काढलं आणि तिच्या अंगात चढवलं.

"नाव काय तुझं?"

"रोशनी."

"माझ्या नावाखाली तुझं नाव शीव. आता हा तुझा."

रोशनीनं मान हलवली, पण नाव शिवलं नाही. होस्टेलवर तिच्या खोलीतल्या ज्योतीनं विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आधी मी इथं राहते का ते तर पाहू."

रोशनी सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या एका गावातली. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. मराठी ती जपून बोलायची, इंग्रजी वाचायची पण बोलायची नाही. पहिल्या वर्षीच्या प्रेझेंटेशनला ती पडद्यासमोर गेली, चार मिनिटं उभी राहिली आणि एकही शब्द न बोलता खाली बसली. त्या विषयात ती नापास झाली. हसलं कुणीच नाही, पण ते तिला जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. आदल्या सकाळी तिनं कपाटातले कपडे बॅगेत भरले.

ज्योती बघतच राहिली. "हे काय गं?"

"उद्या बोलता आलं नाही, तर संध्याकाळच्या गाडीनं घरी. परत यायचं नाही."

आणि त्याच दिवशी माझ्यावर तो डाग पडला.

तिचा प्रोजेक्ट केळीवर होता. बाटलीत वाढवलेली इवलीशी रोपं बाहेरच्या उन्हाला सरावावीत म्हणून काही दिवस हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवतात. त्यातली बरीच मरत होती. तिचा प्रोजेक्ट बघणारे जितेंद्र सर म्हणाले, "शेवटचे आकडे आजच घे," म्हणून ती प्रयोगशाळेतून तशीच मला घालून प्लॉटवर धावली. तिथं तिनं एक रोप कापलं आणि त्याचा चीक माझ्या छातीवर उडाला. अगदी पाण्यासारखा. वाळेल म्हणून तिनं लक्षही दिलं नाही. तिच्या घरी ज्वारी आणि तूर. केळीची बाग तिच्या गावात नाही.

दुपारी डाग काळपट तपकिरी झाला. साबणानं घासला तसा आणखी उठून दिसू लागला.

ज्योती रावेरची, केळीवाल्यांच्या घरातली. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "व माय! पांढरं घालून केळीत कोण जातं? आमच्याकडे बागेत जायचे कपडे वेगळे असतात, काळे कुळकुळीत. हा डाग आता कापडाबरोबरच जाईल."

"तुझा ॲप्रन देशील?"

"आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना कुठला ॲप्रन? आणि असता तरी तुझ्या उंचीला पोलकं झाला असता."

रोशनीला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला धुळ्याहून एक मॅडम आल्या होत्या. रोशनी फाइल छातीशी धरून डाग झाकत उभी राहिली. पाठ केलेलं पहिलं वाक्य आलं, दुसरं आलंच नाही. तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मला सगळ्यात आधी कळत होतं.

"फाइल ठेव टेबलावर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना डाग दिसला. "हा कसला?"

"केळीचा चीक, मॅडम."

"रोप कापलंस? का?"

"वरून हिरवं होतं, तरी मान टाकत होतं. मुळाला काय झालं ते बघायचं होतं." मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मुळं काळी पडली होती. जाळीखाली ऊन लागतं म्हणून आम्ही पाणी जास्त देत होतो. आमच्याकडे आई मिरचीच्या रोपांवर सागाची पानं घालते. पाण्यानंच मरतात अशी शंका होती, म्हणून महिनाभरापूर्वीच मी चाळीस रोपांवर तशी घातली होती आणि पाणी कमी केलं होतं. जाळीखाली चाळीसातली बावीस जगली. पानांखाली तेहतीस."

"हेच इंग्रजीत सांगशील?"

तिनं सांगितलं. तुटक तुटक, एकेक शब्द वेचून, मध्येच मराठी घालून. पण शेवटपर्यंत सांगितलं. अकरा मिनिटं. सर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे आकडे लिहून घेत होते. मॅडमनी त्यांना विचारलं, "ही पानांची गोष्ट हिनं तुम्हाला आधी का नाही सांगितली?"

जितेंद्र सर म्हणाले, "मी विचारलीच नाही." मग रोशनीकडे वळून, "चुकलं माझं."

मी साधं कापड आहे, पण मला पुष्कळ मिळालं. दाब ठेवणारी कोकिळाबाई मिळाली, आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर चढवणारी हेमांगी मिळाली, आणि मला घातलं की खांदे सरळ करणारी रोशनी. डागाचंही मला वाईट वाटत नाही. तुमच्या कपाटात शिक्षण संपल्यावर घडी घालून ठेवलेला एखादा ॲप्रन असेल, तर त्याला तिथं ठेवू नका. कुठल्या तरी दारात कुणीतरी उभं असेल.

त्या संध्याकाळची चोपड्याची गाडी रोशनीशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्योतीकडून सुई मागून घेतली, हेमांगीच्या नावाखाली निळ्या दोऱ्यानं आपलं नाव शिवलं, आणि पावणेनऊला आम्ही प्रॅक्टिकलला गेलो.