कापड न नेलेला दिवस

अत्याचार झालेल्या बायकांना धीर द्यायचा, हात धरून कोर्टापर्यंत न्यायचं, ही ताईंची नोकरी. गावात ती करायची तर आधी चेहरा न बदलता खोटं बोलता आलं पाहिजे. कोण कुणाच्या दारात उभं आहे याचं शहरात कुणाला सोयरसुतक नसतं. इथे पाहुण्यानं चपला काढायच्या आत गल्लीभर त्याची चौकशी सुरू होते.

म्हणून शिंपिणीकडे जाताना ताई दरवेळी कापड न्यायच्या. कधी शर्टाचं, कधी उशीच्या अभ्र्यांचं. समोरच्या आत्याबाईंना, म्हणजे गल्लीच्या बिनपगारी बातमीदाराला, दिसेल अशी पिशवी धरायच्या. आत शिंपीण मशीन नुसतंच चालू ठेवून हळू आवाजात सांगायची, किराणा दुकानदारानं मागच्या खोलीत कसं ओढलं, मनगट कसं पिरगळलं. गावाला तिनं शिडीवरून पडल्याचं सांगितलं होतं. कुणीतरी तक्रार केलीय याची कुणकुण दुकानदाराला लागली होती, पण कुणी ते कळेना. अशा किती जणी होत्या, हे त्या मेल्याला तरी कुठं आठवत होतं!

न्यायाधीशांसमोर जबाब द्यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी ताई घाईघाईनं आल्या. पिशवी घरीच राहिली.

"आज रिकाम्या हातानं?" आत्याबाईंनी दारातूनच विचारलं.

"माप द्यायला आलेय," ताई बोलून गेल्या. चार शर्ट शिवून झाल्यावर माप! त्यांनी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

सकाळी त्या गाडी घेऊन आल्या तेव्हा दार हातभरच उघडलं. शिंपिणीचे डोळे सुजले होते.

"रात्री तो येऊन गेला, ताई. पोरगी शाळेत एकटीच जाते ना, एवढंच विचारलंन्."

"आपण पोलिसांना..."

"ते शाळेच्या वाटेवर बसणारेत रोज?"

मग तिनं इस्त्री केलेला शर्ट बाहेर दिला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा शेवटचा बरं का! आता दुसरा शिंपी बघा!"

दोषाचा एक शब्द तिनं काढला नाही, तेच ताईंच्या जिव्हारी लागलं.

जबाब झालाच नाही. पुढे गावातल्या बायका कपडे शिवायला दुसरीकडे जाऊ लागल्या. शिंपिणीच्या दारात कापड घेऊन दिसणं म्हणजे काय, हे आता दुकानदारालाही ठाऊक होतं. तिच्याकडे कापड टाकायला एकच गिऱ्हाईक तयार होतं, आणि त्यालाच तिनं येऊ नका म्हणून सांगितलं होतं.