सोमवारची जीभ

फोनवरच्या नखाएवढ्या चौकटीत आईची जीभ — गुलाबी, ओलसर, कडा नीटनेटक्या — आणि खाली नेहमीचेच दोन शब्द, 'बघ गं.' वान्छिंगने अंगठ्याने फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला, 'छान आहे आई, पेजेत आलं घालत जा' असं लिहून पाठवलं आणि थर्मासचं झाकण उघडलं. चहातली शेवंतीची फुलं फुगून वर आली होती. छान आहे… दर सोमवारी हेच. वडील गेले तेव्हापासून आईचं जेवण तुटलं होतं, चार घासांत वाडगा खाली ठेवते म्हणून शेजारीण फोनवर सांगायची, पण इस्पितळाचं नाव काढलं की आई विषयच उडवून लावी — "एवढी व्याख्यानं ऐकतेस ना तू, तूच बघ की माझी जीभ." आणि वान्छिंग बघत आली होती. विम्याच्या कचेरीत दिवसभर खुर्चीला खिळलेल्या माणसांना आरोग्याचं भारी वेड. चिनी वैद्यकावरच्या दुपारच्या व्याख्यानांना बसून बसून तिला जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला उठलेले दातांचे वळ, सगळं तोंडपाठ झालं होतं. जीभ स्वच्छ, म्हणजे आई बरी. म्हणजे साहेबांकडे रजा मागायला नको, हांगचौ सोडून आईच्या गावी छ्यूचौला पळायला नको… हे शेवटचं ती मनातसुद्धा पुरतं बोलत नसे.

त्या दिवशी कर्मचारी संघाने आरोग्यज्ञानाची प्रश्नावली पाठवली होती, जेवणाच्या सुट्टीआधी भरायची. पलीकडच्या टेबलावरची मेइताई, वयाने मोठी आणि बोलायला तिखट, खुर्ची सरकवत आली.

"वैद्यीणबाई, ते वैद्याला जीभ दाखवण्याआधी काय करू नये, त्याचं काय लिहू? मी म्हणते, नवऱ्याशी भांडू नये."

"जीभ घासू नये," वान्छिंग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "रंग चढेल असं काही खाऊ नये. थरच निघून गेला तर वैद्याला दिसणार काय?"

"कपाळ! तुला पैकीच्या पैकी मिळणार बघ," मेइताई हसली आणि आपल्या जागी गेली.

थरच निघून गेला तर… वान्छिंगने फोन पुन्हा उचलला. मागचा सोमवार, त्याच्या मागचा, हिवाळ्यातले सगळे — जिभा एकसारख्या, धुऊन पालथ्या घातलेल्या वाडग्यांसारख्या. साठी उलटलेल्या, धड न जेवणाऱ्या बाईची जीभ अशी? एका फोटोत ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता; तो तिने कितीदा तरी पाहिला होता. टूथपेस्टचा फेस. साधा फोटो काढायचा तरी आई केसांना पाणी लावून चापून बसवायची, गळ्याशी गुंडी लावायची, वडिलांच्या खांद्यावरचा न दिसणारा केर झटकायची… ती जीभ तरी तशीच कशी दाखवेल!

प्रश्नावली पाठवून ती उठली, जिन्यात गेली आणि आईला फोन लावला.

"आई, फोटोआधी जीभ घासतेस?"

"मग काय, पारोशी दाखवू? तुझ्या हापिसात चार माणसं असतात."

"घासायची नसते गं. खरं काय ते दिसत नाही त्यानं."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "पहिल्यांदा तशीच काढली होती. पिवळी, जाड, मधे करडी. तू जीव टाकून धावत आली असतीस. म्हटलं, पोरीची नोकरी… मग घासली आणि पुन्हा काढली."

"आई!"

"ओरडू नकोस. तू रविवारी ओठ रंगवून फोनच्या पडद्यावर येतेस, मी काही म्हणते? आतून कशी फिकी पडलीयस, ते दिसतं मला."

वान्छिंग पायरीवर बसली. "उद्या उठल्या उठल्या काढ. पाणीसुद्धा पिऊ नकोस. मी येते मग, आपण इस्पितळात जाऊ."

"बघू," आई म्हणाली, आणि नळ पुन्हा सोडत, "काढते."

ती जागेवर येऊन बसली. चहा निवला होता. तिला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच उरली नव्हती. घासू नये हे व्याख्यानात ऐकलं होतं, फेस डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरी दर सोमवारी 'छान आहे' लिहिताना छातीवरचं ओझं कसं हलकं व्हायचं, ते तिचं तिलाच ठाऊक… आईने तिला हवी तशी जीभ घासून दिली होती, आणि तिने ती घेतली होती.

"पैकीच्या पैकी!" मेइताई पलीकडून ओरडली. "पाय शेकायच्या औषधी पुड्या बक्षीस मिळणार तुला. अर्ध्या माझ्या हं!"

"सगळ्या घे," वान्छिंग म्हणाली. तिने फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. उद्या सकाळी तो वाजेल. चौकटीत जे येईल ते बघावं लागेल, मोठं करून बघावं लागेल… आणि मग आतून कुठूनतरी, तिची तिलाच लाज वाटावी अशी विनवणी वर आली, काही केल्या खाली जाईना — आई, विसर. उद्या एक दिवस… घासूनच पाठव.