वासेयाच्या शिवणीची होडी

मी एक जुनी होडी आहे मित्रांनो, भूर्जाच्या सालीची. यंदाचा सगळा उन्हाळा मी खोपीत पालथी पडून काढला. दाराला कातडं बांधलेलं होतं. तळं जवळच होतं, पण मला दिसत नव्हतं.

माझ्या लाकडी फासळ्या माझा मालक निगिग याने तासल्या. शिवण त्याची बायको वासेया हिची. आमच्याकडे शिवण बाईच घालते. झाडाच्या बारीक मुळ्यांनी तिने मला शिवलं, सांध्यांत राळ आणि चरबी अंगठ्याने दाबून भरली. मग सांध्याला तोंड लावून हवा ओढली. हवा आली की तिथे भोक.

दर वर्षी निगिग माझ्यात उभा राहून मला काठीने ढकली. वासेया दोन दांडक्यांनी तळ्याच्या पाण्यात उगवणारा रानतांदूळ माझ्यात झोडी. इतका तांदूळ नेऊनही मी डगमगत नाही, असं लोक म्हणत.

गेल्या हिवाळ्यात वासेया खोकल्याने गेली आणि निगिगने मला खोपीत कोंडलं. ओल नाही. साल आखडली, राळेला तडे गेले. निगिग यायचा, राळेतल्या तिच्या अंगठ्यांच्या खळग्यांवरून हात फिरवायचा आणि कातडं पुन्हा घट्ट बांधून जायचा.

तांदूळ पिकला तेव्हा वासेयाची धाकटी बहीण आंदेग आली.

"दाजी, होडी काढा. का यंदा सगळा तांदूळ बदकांना?"

"गळते ती."

"मग खरवडून नवी राळ भरू."

"हात लावायचा नाही. तिचे अंगठे आहेत त्यात."

"हिवाळ्यात काय अंगठे शिजवून खाणार?"

निगिगने दाराचं कातडं सोडलं. मग म्हणाला, "बघ, कुठे गळते ते."

"होडी तुमची. तुम्हीच तोंड लावा."

"ते बाईचं काम."

"बाई गेली, दाजी."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने शिवणीला तोंड लावलं. हवा आली. तो तसाच वाकून राहिला. मग "इथे," म्हणाला आणि सुरीने राळ खरवडू लागला.

नवी राळ भरली, ती धरल्यावर मी पाण्यात गेले. साल हळूहळू सैल झाली. आंदेगने दांडकी घेतली.

"तुझा अर्धा तांदूळ पाण्यात जातोय," निगिग म्हणाला.

"तुम्ही आधी काठी सरळ धरा."

मित्रांनो, जीव लावलेली वस्तू कोंडून ठेवू नका. तिला दुरुस्त करा, कामाला लावा. त्या खोपीत मला कुणी दुखावलं नाही, पण अजून एक उन्हाळा तिथे गेला असता तर मी चिरफळले असते.