माझ्या पोटातला बाईंचा आवाज

मित्रांनो, एका चष्मेवाल्याच्या घरात पलंगाखाली जो पिवळट पडलेला डबा दिसतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. कारखान्यात मला जोडले, तपासले आणि खोक्यात घातले. खोके उघडले ते याच घरात. चष्मेवाल्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, माझा पडदा पुसला आणि त्या हसून म्हणाल्या, "अहो, हा तर तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो!"

बाई शाळेत शिकवत. त्यांचा आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरचाही दचकून सरळ बसे. त्यांच्या प्रश्नपत्रिका आणि घरातले फोटो मी वर्षानुवर्षे सांभाळले. आल्यागेल्यापुढे माझे कौतुक होई.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ऑपरेशनच्या आधी बाई रोज माझ्यासमोर बसून बोलत राहिल्या. लेकीला सांगितलेल्या गोष्टी, तिच्यावर रागावणे, पोट धरून हसणे आणि नवऱ्याला मारलेली हाक, "अहो, ऐकलंत का?" सगळे मी जपून ठेवले.

लेक परगावी परिचारिका होती. ऑपरेशन होऊन बाईंचा आवाज गेला, तेव्हा ती एक वापरलेला लॅपटॉप घेऊन आली आणि माझी इंटरनेटची तार तिने काढून टाकली.

"बाबा, बाहेरचं काय बघायचं ते या धाकट्यावर बघा. आईचं सगळं थोरल्यात. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. चिखलाचे पाय घेऊन कोणी अंथरुणात शिरतं का?"

"एवढं कळतं गं मला," चष्मेवाले म्हणाले.

ते वागलेही तसेच. दुपारी चष्म्यांच्या दुकानातून आले, की ते बाईंचा आवाज लावत. बाई शेजारी बसून ऐकत आणि नुसते ओठ हलवत.

एके दुपारी धाकट्याने मान टाकली. आदल्याच दिवशी चष्मेवाल्यांनी त्यावर वाचले होते, की अमुक एक प्रोग्रॅम घेतला तर गेलेला आवाज परत आणता येतो. त्यांना दम धरवेना. त्यांनी तार मला जोडली. बाईंनी त्यांचे मनगट धरून मानेने नको म्हटले.

"एकदाच गं. तुझ्यासाठीच तर," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

मित्रांनो, तो प्रोग्रॅम आवाज द्यायला नव्हे, न्यायला आला होता. त्याने माझी एकेक फाइल कुलूपबंद केली. प्रती ठेवलेला पेनड्राइव्ह माझ्यातच खोचलेला राहिला होता. तोही सुटला नाही. मग पडद्यावर खंडणीची धमकी उमटली.

"काका, आणखी एखादी प्रत? वेगळी काढून ठेवलेली?" दुरुस्तीवाल्याने विचारले. चष्मेवाल्यांनी पेनड्राइव्हकडे बोट दाखवले. "मग अवघड आहे. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही. चोरच ते."

लेक धावत आली. "बाबा, मी सांगितलं होतं ना—" आणि वडिलांचा चेहरा पाहून ती त्यांच्याशेजारी बसली. बाईंनी उठून नवऱ्याला ताट वाढले. चष्मेवाल्यांनी ते तसेच बाजूला सरकवले.

आता बाई टाळी वाजवून हाक मारतात. चष्मेवाले पहिल्या टाळीला उठतात, पण बाईंच्या नजरेला नजर देत नाहीत. लेक मला भंगारात द्यायला निघाली, तेव्हा मात्र ते आडवे आले. "राहू दे. उघडत नसलं, तरी तिचं बोलणं आहे त्यात."

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही, ते बाहेरच्या वाऱ्याला लागू देऊ नका. अनोळखी दारे ठोठावायचीच असतील, तर त्यासाठी वेगळे यंत्र ठेवा. प्रत काढा आणि ती यंत्रातून काढून दुसरीकडे ठेवा. माणूस लोभानेच फसतो असे नाही; मायेनेही फसतो.

बाईंचा आवाज अजून माझ्या पोटात आहे. पण आता तो मलाही ऐकू येत नाही.