मी थांबलो, म्हणून मला काढलं

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडून तुम्ही आत डोकावलात, तरी माझ्याकडे तुमचं लक्ष जाणार नाही. मी एक जुना प्रेशर स्विच आहे. अंगठ्याएवढा, डोक्यावर दोन तारा. एसीच्या नळीवर बसायचं आणि आतल्या गॅसचा दाब जोखायचा, एवढंच माझं काम. दाब फार वाढला की मी वीज तोडतो आणि कंप्रेसर थांबवतो. नाही थांबवला तर नळी फुटेल, कंप्रेसर जळेल. पण गाडीत बसलेल्यांना एवढंच कळतं की गार वारा बंद झाला. मग शिव्या सुरू होतात.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे दाबाखाली घालून मला पुन्हा पुन्हा तपासलं. पास झाल्याचा हिरवा ठिपका अंगावर लागला, तेव्हा मी केवढा फुगलो होतो! पुढे नागपूरच्या एका कापड दुकानदाराच्या गाडीत बसलो. सुखाचे दिवस होते. एसीचं कौतुक सगळे करायचे, माझं नाव कोणाच्या तोंडी नसायचं, आणि आमच्या कामात हीच शाबासकी असते.

दुकानदाराने नवी गाडी घेतली आणि आम्ही भंडाऱ्याजवळ वरठीला आलो, अश्वजितच्या दारात. अश्वजित पोलादाच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करतो. स्वतः मोटारसायकलवर जातो. गाडी घेतली ती लेकीसाठी. दीपमाला तेव्हा सातवीत होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. ऊन लागलं, अंगातलं पाणी आटलं, की हाडांत अशी कळ उठायची की पोर ओठ चावून पडून राहायची. तपासणीला तिला नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागे. उन्हाळ्यात बसने जाताना तिचे जे हाल झाले, ते पाहून बापाने ठरवलं की आता एसीशिवाय न्यायचं नाही.

आता पुढचं सांगताना मला जड जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो. त्याच्या बाजूंना गवताच्या ताट्या असतात, ताटीवर पाणी पडलं की आत गार वारा येतो. जे घराला चालतं ते गाडीला का चालू नये, असं अश्वजितच्या मनाने घेतलं. त्याने कूलरची एक ताटी कापून गाडीच्या समोरच्या जाळीवर सुतळीने बांधली आणि वर मगाने पाणी ओतलं.

"पाह्य रत्ना, आता एसीले बी गार हवा भेटन," तो बायकोला म्हणाला.

"गाडीले कूलर लावनारे तुमीच पयले!" रत्नमाला हसली.

मी त्या जाळीच्या मागेच होतो. दीपमालाला घेऊन आम्ही नागपूरला निघालो. ताटी ओली होती तोवर ठीक होतं. भंडारा गेलं, शहापूर गेलं, आणि झळांनी ताटी सुकून खडखडीत झाली. रस्त्याची धूळ तिच्यात घट्ट बसली. पुढे ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. गॅस निववायला आत वाऱ्याचं नाव नाही, नळीतला दाब मात्र चढत चाललेला. मला ओरडता येत नाही. मला एकच बोलता येतं, तेच मी बोललो. मी कंप्रेसर थांबवला.

काचा वर ठेवल्या तर आत जीव घुसमटत होता, खाली केल्या तर झळा तोंडावर येत होत्या. "आई, पाय दुखून राहिले," दीपमाला म्हणाली. थोड्या वेळाने तिने तेही म्हणणं सोडलं. रत्नमाला तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होती आणि अश्वजित वेड्यासारखा हॉर्न वाजवत होता. दवाखान्यात नेताच तिला भरती करून घेतलं. कंप्रेसर मी वाचवला होता, मित्रांनो. पण तो ज्या लेकरासाठी होता त्याला मी काहीच करू शकलो नाही. हे मला अजून खातं.

दीपमाला घरी आली ती लंगडत. अश्वजितने गाडी भैय्यालाल मिस्त्रीकडे नेली. नेण्याआधी त्याने ताटी सोडून घरी ठेवली. समोरचं काही खोलायचं असलं तर ती आडवी येईल म्हणून. ताटी नाही म्हटल्यावर एसी कुरकुर न करता चालला. भैय्यालाल बुचकळ्यात पडला.

"चालते, मंग बंद पडते. स्विच जुना हाय भाऊ. थोच दगा देऊन राहिला असन."

"काढून टाक त्याले," अश्वजित म्हणाला. "माह्या पोरीच्या जिवावर उठला थो."

भैय्यालालने तारा उपटल्या, पान्याने मला फिरवून काढलं आणि माझ्या जागी नवा स्विच घट्ट बसवला. मी डॅशबोर्डच्या खणात जाऊन पडलो. बिघडलो असतो तर वाईट वाटलं नसतं.

पुढच्या तपासणीचा दिवस आला. अश्वजितने ताटी पुन्हा बांधली, या वेळी दुहेरी. लेकीला जपायचं होतं ना! शहापूरच्या पुढे नवा स्विचही थांबला. तोही प्रामाणिक निघाला बिचारा.

अश्वजितने गाडी बाभळीजवळ घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि खणात हात घालून वायरचा तुकडा काढला. त्याच्याबरोबर मीही मुठीत आलो. बॉनेट उघडून त्याने मला बॅटरीवर आपटलं. "डायरेक्ट करतो आता. स्विचच नोको!" नव्याच्या तारा काढून तो एकमेकींना जोडणार होता. मग दाब कितीही वाढला तरी कंप्रेसर थांबला नसता. नळी फुटली असती, तीही त्याच्या तोंडासमोर, आणि पोर गाडीत.

इतक्यात रत्नमाला ताटी भिजवायला बाटली घेऊन आली. तिने ताटीच्या मागे हात घातला आणि तिथेच थांबली.

"अवो, हवाच जाऊन नाही राहिली इथून! घरी ताटी मातीनं भरली का कूलरचा पंखा नुसता फिरते. तसंच झालं हे."

तिने दातांनी सुतळी तोडली आणि दोन्ही ताट्या ओढून फेकल्या. जरा वेळाने दाब उतरला आणि नव्या स्विचने आपणहून कंप्रेसर चालू केला.

अश्वजितच्या हातातली वायर गळून पडली. या वेळचं कळलं, तसं मागच्या वेळचंही कळलं.

"म्हंजे थ्या दिवशी... मीच का?"

तो भर उन्हात, रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला आणि रडू लागला. गाडीचं दार उघडलं. दीपमाला लंगडत आली, डोक्यावरचा ओला दुपट्टा काढून तिने बापाच्या डोक्यावर टाकला.

"उठा ना बाबा. ऊन लागन तुमाले."

मित्रांनो, मला कोणी परत बसवलं नाही आणि आता बसवणारही नाही. नव्याचं बरं चाललंय, माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. चालता चालता कोणी थांबलं, तर त्याला उपटून फेकण्याआधी एकदा समोर जाऊन पाहा. त्याचा वारा अडवणारी ताटी तुम्हीच बांधलेली असेल, आणि तीही मायेने.