छपराची धर्मआई

"तायता सेवेरो, तुम्ही स्वतः रात्री कुठे झोपता?"

विचारलं! त्यांच्या भर अंगणात, तायता थंडीत गोठवून वाळवायला बटाटे पसरत होते तेव्हा, मोठ्या आवाजात विचारलं. मी तोंड उघडणार नाही अशी माझ्या मैत्रिणींची, नोएमी आणि दिओनिसियाची, पैज होती. "शाळेत कविता म्हणणं वेगळं, न् छपराच्या धर्मबापाला असलं विचारणं वेगळं," असं दिओनिसिया म्हणाली होती. आता दोघी दगडी कुंपणामागे तोंडात शाल कोंबून बसल्या होत्या.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला बाळाला लागतो तसा नव्या छपरालाही धर्मबाप लागतो. छप्पर त्याने द्यायचं आणि घरच्यांनी जन्मभर त्याचा मान राखायचा. आम्हाला तायतांनी (गावातल्या वडीलधाऱ्याला आम्ही तायता म्हणतो) पत्रा दिला. काय चकाकायचा! डोंगरापलीकडून दिसायचा. ढोल-बासरी लावून वर चढवला, आणि बाबांनी जुनं इचू गवताचं छप्पर उतरवून गोठ्यात लामा जनावरांखाली पसरलं.

मग जुलै आला, आमच्याकडचा कडाक्याच्या थंडीचा महिना. रात्री आमचा श्वास पत्र्याला आतून गोठायचा आणि पहाटे ऊन लागलं की थेंब थेंब अंथरुणावर गळायचा. अबेल, माझा भाऊ, चार महिन्यांचा होता. आधी खोकला, मग ताप. दवाखाना घाटाखाली आणि घाटात बर्फ. त्याला पांढऱ्या कपड्यात ठेवलं तेव्हाही वरून थेंब पडत होते, आणि आई त्याचा चेहरा पुसत होती.

यंदा आईला पुन्हा बाळ होणार आहे, आणि तेही ऐन जुलैत. पत्रा काढू या, असं मी म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "धर्मबापाचं छप्पर त्याच्या डोळ्यांदेखत फेकू? गावात तोंड दाखवायचंय मला."

माझा प्रश्न ऐकूनही तायता खाली वाकून बटाटेच पसरत राहिले. शेवटी त्यांची बायकोच कडाडली, "सांगा की! चकचकीत पत्र्याच्या खोलीत बियाणं ठेवलंय, न् हे महाराज माझ्या धुरकट स्वयंपाकघरात गवताखाली घोरतात!"

कुंपणामागे हसू फुटलं. मला नाही आलं.

तायतांनी टोपी काढली. "अबेल गेला तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "पण तुझा बाप काही बोलला नाही. म्हटलं, त्याचा मान कशाला मोडू?"

"आणि बाबा तुमच्या मानापायी गप्प होते!"

त्यांनी हातातला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाले, "पत्रा गारा अडवतो, पोरी, थंडी नाही. तो राहू दे वर. खाली हातभर जाड इचू बांधा. फक्त मध्ये बोटभर वारा खेळू दे, नाहीतर गवत कुजेल."

घरी आले तर आई गळणारे थेंब झेलायला पलंगाशेजारी परात ठेवत होती. आत्ताच, मे महिन्यात! बाबा विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं. बाबांचा हात थांबला. आई परात धरून तशीच उभी.

"तायता असं म्हणाले? स्वतः?" बाबांनी विचारलं.

"स्वतः. आणि बाबा, तो विळा मला हवाय. उद्यापासून शाळा सुटली की मी डोंगरावर गवत कापायला जाणार. नोएमी, दिओनिसिया पैज हरल्यात, त्या भारे वाहतील. पत्रा तायतांचा, गवत माझं. ह्या बाळाच्या छपराची धर्मआई मी होणार."