बाबांचं शेवटचं पिंप

त्या मंगळवारी मी ग्रंथालयातलं काम आटपून घरी आले तेव्हा बाबा मागच्या अंगणात पातेल्याला शिव्या घालत होते.

“उकळ म्हटलं की उकळत नाही, थांब म्हटलं की थांबत नाही. अगदी तुझ्या आत्यासारखं.”

“सांगू तिला?”

“सांग. घाबरतो की काय मी?” असं म्हणून त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. एरिना आत्या पलीकडच्याच गल्लीत राहते आणि तिचे कान फार चांगले आहेत.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बाबा घरी बिअर करत. पेन्शनीत बाटलीतली बिअर परवडत नाही, हे कारण ते सगळ्यांना सांगत, आणि ते खरंही होतं. लाकूडफाटा, दळण आणि जळून भोक पडलेली पातेली मात्र त्यांच्या बचतीत कधी धरली जात नसत. मला वाटायचं, आई गेल्यावर त्यांचा आठवडा फार लांब झाला होता, आणि बिअरचं रोज काही ना काही करावं लागतं. नाचणी भिजवा, मोड आणा, उन्हात वाळवा, दळून आणा. मक्याची पेज शिजवा, आंबवा, परत शिजवा, परत पीठ घाला, मग गाळा. आमच्याकडे हे बायकांचं काम. रुसापेसारख्या लहान गावात ते लपून राहणं शक्यच नव्हतं. शेजारणी कुंपणावरून विचारत, “म्होफू, एप्रन कधी शिवायला टाकताय?” म्होफू हे आमचं कुळ, बाबांना सगळे त्याच नावानं हाक मारत. बाबा ढवळणं न थांबवता म्हणत, “आधी मला एखादा नवरा बघा, कमावता.”

बिअर वाईट व्हायची. नुसती आंबट झाली असती तर कुणाची तक्रार नव्हती. तिला ओल्या गोणपाटाचा वास यायचा, आणि घशाखाली उतरल्यावरही ती बराच वेळ भांडत राहायची. शनिवारी अंगणात पाचसहा माणसं यायची, बिअरचा मग हातात धरून बसायची, “छान, म्होफू, छान” म्हणायची. कुणाचं पोट ठीक नसे, कुणाची गोळ्या-औषधं चालू असत. मलाही बाबा हाक मारून एक मग देत आणि मी तो अर्धाच ठेवत असे. खरं कुणी सांगितलं नाही. बापाच्या हातच्या वस्तूला मुलीनं नाव ठेवायचं नसतं, म्हणून मीही नाही. चूक काय होते ते आत्यानं मला एकदा हळूच सांगितलं होतं: बाबा पेज निवू देत नाहीत, चटके बसतील अशा पेजेत मोडाचं पीठ टाकतात आणि ते मरतं. “मग तू सांग ना त्यांना,” मी म्हटलं. “मी?” आत्या म्हणाली. “बायको गेल्यावर माझ्या भावानं हातात काहीतरी धरलंय. ते मी सोडवू?”

त्या मंगळवारीही पेजेतून वाफा येत होत्या आणि बाबांनी पिठाची परात उचलली.

“बाबा, गरम नाही ना फार?”

“गरमच पाहिजे. थंड पेजेला कोण विचारतं?”

पीठ पडलं. त्यांनी ढवळलं, कपाळ पुसलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “या वेळची कशी होईल, मायदेई?”

“चांगली होईल.”

“मागची कशी होती?”

“चांगली होती.”

पळी हातात तशीच धरून ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. “चांगली,” ते म्हणाले. “बरं.” मग आम्ही पिंप दोन्ही बाजूंनी धरून स्वयंपाकघरात आणलं, वरून फडका बांधला, आणि मक्याच्या पिठाचा साड्झा न् पालेभाजी खाल्ली. वाटाण्याएवढ्या मिरचीनं ते रडवेले झाले आणि पाणी पिऊन झोपायला गेले.

बुधवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

शुक्रवारी बुहेराच्या आमच्या गावी त्यांना पुरलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही नातेवाइकांसह परत आलो. मेलेल्या माणसाचे कपडे वाटायला एरवी आम्ही काही महिने थांबतो. पण नातेवाइकांना पुन्हा बसभाडं घालून या म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून शनिवारीच वाटून टाकायचं ठरलं. रात्री घर गप्प होतं. पिंप मात्र गप्प नव्हतं. फडक्याखाली ते फसफसत होतं, मधूनच मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज करत होतं. घरातलं तेवढंच एक बाबांनी चालू ठेवलेलं काम, आणि ते ठरल्याप्रमाणे शनिवारी तयार होणार होतं.

शनिवारी सकाळी आत्यानं फडका उचलला, नाक मागे घेतलं, फडका परत बांधला.

“ओतून टाक.”

“नको.”

“मायदेई, दोन बस भरून माणसं मुक्कामाला थांबलीयत. तुझ्या बापाच्या कपड्यांसोबत हे त्यांच्यापुढे ठेवणारेस? त्यांच्या नातवंडांपर्यंत हसतील सगळे.”

ती काही चुकीचं बोलत नव्हती. आजवर त्या अंगणात बाबांचं तोंड पडू नये म्हणून आम्ही सगळे सांभाळून होतो. आता पिंप ओतलं तर त्यांच्या हातची शेवटची गोष्ट मीच गटारात घातली असती. वाढलं तर सगळ्या कुळासमोर, तेही ते उत्तर द्यायला नसताना, त्यांची फजिती केली असती. मला दोन्ही करायचं नव्हतं. मी पिंप भिंतीकडे सरकवलं, त्याच्यापुढे मक्याच्या पिठाची पोती लावली आणि ठरवलं, कुणी विचारलंच तर अजून झाली नाही म्हणायचं.

टावेंग्वा काका ते चालू देणार नाहीत, हे मला कळायला हवं होतं. ते आमचे सहविरा. त्यांच्या घराण्यानं आमची माणसं पुरायची आणि आमच्या घराण्यानं त्यांची, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. आणि त्या बदल्यात सहविराला कुणालाही काहीही बोलायची मुभा असते, मेलेल्याला तर जास्तच. आदल्या दिवशी खड्ड्यात उतरून त्यांनी शवपेटीवर थाप मारली होती. “सरक की जरा! एवढी जागा एकट्याला कशाला हवी?” लोक रडता रडता हसले होते. मी नाही.

अंगणात चटई टाकली. काका एकेक वस्तू उचलून नावं पुकारत होते. कोट चुलतभावाला, बूट दादाला, रेडिओ आत्याला. “हा तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलत नाही, काळजी नको.” नेत्साई वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, बाबांची टोपी घातली आणि मेलेल्या सासऱ्याची थट्टा करायची मुभा सुनेला असते, त्या हक्कानं त्यांची नक्कल केली. न दिसणाऱ्या पातेल्यात पळी फिरवली, बोट भाजलं, इकडेतिकडे बघून ते तोंडात घातलं, कुंपणापाशी गेली आणि बाबांच्या आवाजात म्हणाली, “मिळाला का नवरा?” शेजारणी डोळ्यांना तळहात लावून हसत होत्या.

“झाले कपडे,” काका म्हणाले. “आता पिंप.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. “काका, ती अजून झालेली नाही.”

“कधी झाली होती?”

त्यांनी मला हळूच बाजूला केलं, पोती हलवली आणि पिंप कडेवर तिरकं करून गोल गोल फिरवत चटईपर्यंत आणलं. “जे जे म्होफूचं, ते ते बाहेर आलं पाहिजे. बोला, हे कुणाला? पिंप, पळी आणि धंदा.”

कुणी पुढे होईना. बुहेराचे एक काका म्हणाले, “बिअर फार उत्तम करायचा. पण माझ्याकडे जागा नाही.”

“पोटात की घरात?”

चुलतभाऊ म्हणाला, “मी चर्चमुळे सोडलीय.”

“कधी?”

“हे... आत्ताच.”

टावेंग्वा काकांनी फडका सोडला, पिंपात मग बुडवला, पहिली धार बाबांच्या नावानं जमिनीवर सोडली आणि एक मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू मध्यभागी गोळा झाला. “अरे म्होफू,” ते कष्टानं म्हणाले, “तू सुटलास रे. ही तुला प्यावी लागली नाही.”

“पुरे!” माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “दर शनिवारी येऊन फुकट प्यायलात ना? मग त्यांच्या माघारी कशाला?”

“फुकट? पोरी, औषधांचा खर्च कुणी दिला?” पण मग ते हसायचे थांबले आणि तो मग हातात घेऊन माझ्यासमोर आले. “त्याला माहीत होतं, मायदेई.”

“काय माहीत होतं?”

“वाईट होते म्हणून. त्याला काय जीभ नव्हती? पहिल्याच महिन्यात मला म्हणाला, टावेंग्वा, ही बकरीसुद्धा पिणार नाही, आणि ही माणसं बघ कशी छान छान करतायत. त्यावर आम्ही एका कोंबड्याची पैज लावली. सगळ्यांत आधी खरं कोण बोलतं. माझा कोंबडा आत्याबाईंवर.”

“म्हणजे मी इतकी वर्षं उगाच गिळत होते?” आत्या ओरडली, आणि सगळं अंगण हसत सुटलं. चर्चमुळे सोडलेला चुलतभाऊसुद्धा.

“मग करत का राहिले?” मी विचारलं.

“का म्हणजे? दर मंगळवारी त्याला वाटायचं, या वेळची जमणार. आणि शनिवारी वाटायचं, पुढची.”

“आणि त्यांचा कोंबडा कुणावर?”

काकांनी डोळे मिचकावले. “हे विचारतेस? म्हणायचा, माझी मायदेई. एवढी पुस्तकं वाचते, त्यात चिहेरा. एक दिवस हातातला मग खाली ठेवून सांगेल.”

आमच्या कुळातल्या बायकांना चिहेरा म्हणतात. चिहेरा म्हणजे फाटक्या तोंडाची, असं सगळा देश समजतो. “चिहेरा म्हणे!” कुणीतरी मागून म्हणालं. “ही तर ग्रंथालयात बोलते तसं घरी बोलते.”

मी पायरीवर बसले. ते पळी धरून माझ्याकडे का बघत राहिले होते, ते मला आता कळलं. दुखावले नव्हते. कोंबड्याची वाट बघत होते. ज्याला आम्ही सगळे जपत होतो तो माणूस आम्हा सगळ्यांकडे बघून मजेत होता, दर आठवड्याला, स्वतःच्या अंगणात. आधी मला वाटलं रडू येतंय, पण ते हसू होतं, आणि ते आवरेना. आत्या माझ्या पाठीवर थोपटत म्हणत होती, “हस, हस, निघू दे,” आणि तीही हसत होती.

“पैज अजून सुटलेली नाही,” काका म्हणाले. “मी बोललो ते धरायचं नाही, मी सहविरा, मी काहीही बोलतो. बाकी अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. आणि कोंबडा फुकट खात बसलाय माझ्याकडे.”

त्यांनी तो मग पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. मी तो तोंडाला लावला आणि या वेळी थांबले नाही. गोणपाट, धूर, करपलेली पेज, सगळं, तळापर्यंत. मग रिकामा मग खाली ठेवला आणि जमिनीवरच्या त्या ओल्या डागाकडे बघून, अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“बाबा, तुमची बिअर वाईट होते. दर वेळी. आजपर्यंत मी एकदाही ती पूर्ण प्यायले नव्हते, आणि शनिवारी तुम्ही मला हाक मारायची मी आठवडाभर वाट बघायचे.”